मे महिन्यात कोकणातल्या नातलगांकडे: तिकिटाआधी काय ठरवावं

उन्हाळी सुटी जवळ आली की वाचकांचे दरवर्षी तेच प्रश्न येतात. मामांचं घर गुहागरला, काकांचं वेंगुर्ल्याला, आत्याचं दापोलीजवळ. मुलांना समुद्र हवा, आजीला सगळ्यांना भेटायचं आहे. मग किती दिवस राहावं, घरीच राहावं की जवळ खोली घ्यावी, खर्चाचं कसं करावं, मुलांना पाण्यात केव्हा सोडावं आणि तिकीट कन्फर्म झालंच नाही तर काय करावं? प्रश्न वेगवेगळे वाटले तरी त्यांची उत्तरं एका निर्णयावर अवलंबून असतात: जायची तारीख कशावरून ठरवायची. बहुतेक घरांत ती शाळेच्या सुटीवरून, रजेवरून आणि मिळेल त्या तिकिटावरून ठरते. माझं म्हणणं असं, की ती आधी यजमानांच्या घरावरून आणि मग भरती-ओहोटीवरून ठरवावी. तिकिटाचा नंबर त्यानंतर. तसं करणं अवघड नाही, फक्त ते मार्चमध्ये करावं लागतं.

यजमानांच्या घरात मे महिना कसा असतो

शहरात मे म्हणजे सुटी, पण कोकणात तो वर्षातल्या सर्वांत कामाच्या महिन्यांपैकी एक. आंब्याची काढणी, पेट्या भरणं, काजूबी गोळा करणं चालू असतं. आमसुलं, आंबापोळी, फणसपोळी, पापड ही साठवणीची सगळी कामं कडक उन्हाच्या भरवशावर उरकायची असतात. कौलं शाकारायची असतात, लाकूडफाटा पावसाआधी आत घ्यायचा असतो, आणि २५ मेच्या सुमारास रोहिणी नक्षत्र लागलं की धूळवाफेच्या भातपेरणीची घाई सुरू होते. याच महिन्यात मुंबईची, पुण्याची, सुरतेची माणसं गावी येतात. लग्नं, मुंजी, देवळाचे वर्धापनदिनही याच महिन्यात. पाहुणे आल्याचा आनंद खराच असतो, पण तो या सगळ्या कामांवर येऊन पडतो आणि त्यातला मोठा वाटा घरातल्या बायकांवर पडतो.

दुसरी गोष्ट पाण्याची. कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तरी जांभ्याच्या सच्छिद्र कातळातून आणि तीव्र उतारावरून ते पाणी निघून जातं आणि एप्रिल-मेमध्ये अनेक गावांतल्या विहिरी तळ गाठतात. शहरी पाणीपुरवठ्याची आखणी करताना माणशी दिवसाला १३५ लिटर धरले जातात. जल जीवन मिशनने ग्रामीण घरांसाठी धरलेलं प्रमाण ५५ लिटर आहे. म्हणजे शहरातल्या सवयीनं वागणारा एक पाहुणा गावातल्या जवळजवळ अडीच माणसांचं पाणी वापरतो. सहा जणांचं कुटुंब आठवडाभर तसंच राहिलं, तर साडेपाच हजार लिटरहून जास्त पाणी लागेल. समुद्रावरून आल्यावर प्रत्येकाची दुसरी आंघोळ आणि वाळूनं भरलेले कपडे यांचा हिशेब यात धरलेला नाही. विहिरीला पाणी असलेल्या घरात ही अडचण नाही. नसलेल्या घरात मात्र तुमच्या येण्याचा अर्थ टँकर असा होऊ शकतो, आणि हे तुम्हाला कुणी आपणहून सांगणार नाही.

इथे एक आक्षेप हमखास येतो: “आपल्याच माणसांना हे काय विचारायचं? मामा तर म्हणतात, या की, घर तुमचंच आहे.” मामा ते मनापासूनच म्हणतात. पण तारीख कळवून टाकणं आणि तारीख विचारणं यांत फरक आहे. कळवलेल्या तारखेला कोकणातलं घर नाही म्हणत नाही, म्हणून तर अडचण कळत नाही. विचारलं तर “त्या आठवड्यात बागेत गडी आहेत, पुढच्या आठवड्यात या” असं मोकळेपणानं सांगायला वाट राहते. विचारल्यानं परकेपणा येत नाही. चार दिवस सगळ्यांची ओढाताण झाली, तर पुढच्या वर्षी जाणं-येणं खरोखर कमी होतं.

फोन कुणाला करावा, काय विचारावं

फोन मार्चच्या पहिल्या आठवड्यात करा. शिमग्याला घरातलं कुणी गावी जाणार असेल, तर समोरासमोर बोलणं आणखी बरं. मामांशी बोलाच, पण मामींशी वेगळं बोला. स्वयंपाकघर, पाणी आणि अंथरुणं यांचा खरा अंदाज त्यांनाच असतो, आणि मामा जवळ उभे असताना त्या तो सांगतीलच असं नाही. विचारायच्या गोष्टी थोड्या आहेत:

- त्या दिवसांत घरात आणखी कोण येणार आहे? कार्य, लग्न, जत्रा आहे का?
- विहिरीला किंवा नळाला पाणी कसं आहे, टँकर मागवावा लागतो का?
- आंब्याची मुख्य काढणी कोणत्या आठवड्यात आहे?
- जवळची पुळण पोहण्यालायक आहे का, तिथे जीवरक्षक असतो का?
- प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा ग्रामीण रुग्णालय किती लांब आहे?

शेवटचा प्रश्न अनेकांना अनावश्यक वाटतो. तो तसा नाही. उन्हाळ्याच्या रात्री अंगणात, पडवीत, लाकडांच्या ढिगाजवळ विंचू-साप निघतात, आणि शहरातली मुलं अनवाणी धावतात. कोकणातल्या लाल विंचवाच्या दंशानं पूर्वी मुलं मोठ्या प्रमाणावर दगावत. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन हे औषध या दंशावर वापरून दाखवलं आणि चित्र पालटलं. पण त्याचा उपयोग रोगी वेळेवर पोचला तरच. साप असो वा विंचू, दंशाची जागा कापणं, करकचून बांधणं, उतारा शोधणं यांत वेळ घालवू नका. १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीनं रुग्णालय गाठा. रात्री अंगणात जाताना हातात टॉर्च आणि पायांत चपला हव्यात.

राहायचं कुठे आणि खर्च कसा वाटायचा

चार माणसांपर्यंतचं कुटुंब असेल आणि पाण्याची अडचण नसेल, तर नातलगांच्या घरीच राहा. त्यासाठीच तर चाललो आहोत. दोन कुटुंबं मिळून जात असाल, किंवा मुक्काम तीन-चार रात्रींहून जास्त असेल, तर मधला मार्ग चांगला. पहिल्या तीन रात्री घरी काढा, उरलेल्या जवळपासच्या घरगुती निवासात किंवा रिसॉर्टमध्ये काढा, आणि दिवसातून एक वेळ सगळे एकत्र जेवा. गणपतीपुळे, तारकर्ली, वेळणेश्वर, हरिहरेश्वर, कुणकेश्वर इथे पर्यटन महामंडळाची निवासस्थानं आहेत. महामंडळाच्या निवास व न्याहारी योजनेत नोंदलेली घरंही बऱ्याच किनारी गावांत सापडतात. “घर असताना बाहेर राहिले, लोक काय म्हणतील” अशी शंका यजमानांना येऊ शकते. म्हणून ही गोष्ट फोनवरच आणि कारणासकट सांगावी: मुलांना पहाटे समुद्रावर जायचं आहे, आम्ही आठ जण आहोत, तुमची कामं चालू आहेत. न सांगता परस्पर खोली घेतली तर मात्र तो अपमानच वाटतो, आणि त्यात त्यांची चूक नसते.

पैशांचा प्रश्न सर्वांत नाजूक आहे. जाताना पाकीट हातात ठेवणं बहुतेक घरांत आवडत नाही. त्यापेक्षा खर्चाची ठरावीक बाब आपल्या अंगावर घेणं सरळ. पोचल्या दिवशी गावच्या दुकानातून तांदूळ, तेल, साखर, डाळी भरा. शहरातून लादून नेण्यापेक्षा हे बरं, कारण घरात काय संपलंय ते विचारून घेता येतं. जास्तीचा गॅस सिलिंडर, टँकर आला तर त्याचे पैसे, भांडी-धुण्याला तेवढ्या दिवसांपुरती मदतनीस बाई ठेवली तर तिची मजुरी, हेही तुमच्याकडे घ्या. मासळी रोज तुम्हीच आणा. हर्णै, मालवण, वेंगुर्ला इथल्या लिलावाच्या वेळा घरच्यांना ठाऊक असतात. मासळी साफ करून आणली तर मामींचं अर्धं काम वाचतं. आणि जेवणं झाल्यावर भांडी घासायला, विहिरीवरून पाणी आणायला तुमच्याकडच्या पुरुषांनी आणि मोठ्या मुलांनी उठावं. हे काम पैशांनी भरून निघत नाही.

तिथी बघून समुद्र निवडा

यजमानांकडून दोन-तीन आठवडे मोकळे आहेत असं कळलं, की त्यांतला कोणता घ्यायचा हे समुद्रावर सोडावं. इथे बहुतेक कुटुंबं फक्त भरतीची भीती धरतात. खरा धोका ओहोटीचा असतो. पाणी मागे हटत असताना किनाऱ्याकडून समुद्राकडे जाणारी ओढ प्रबळ होते आणि गुडघाभर पाण्यात उभ्या असलेल्या माणसाच्या पायाखालची वाळूही सरकते. १ फेब्रुवारी २०१६ रोजी रायगडमधल्या मुरूड-जंजिऱ्याच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेले डझनाहून अधिक महाविद्यालयीन विद्यार्थी बुडाले, तो दिवस वादळाचा नव्हता.

भरतीची ढोबळ वेळ काढायला किनाऱ्यावर जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट करा, तेवढ्या वाजता पूर्ण भरती. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे पहाटे आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती, दुपारी बाराला पूर्ण ओहोटी. चतुर्थीला दुपारी तीनला भरती आणि रात्री नऊपर्यंत ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येला साधारण बाराच्या आसपास भरती. मालवण-वेंगुर्ल्याकडे भरती मुंबईपेक्षा थोडी आधी येते, म्हणून नेमकी वेळ स्थानिक मच्छीमारांकडून किंवा भरतीच्या तक्त्यावरून पक्की करा. तारीख निवडायला मात्र हा हिशेब पुरेसा आहे.

आता कुटुंबं समुद्रावर केव्हा जातात ते पाहा: ऊन उतरल्यावर, साडेचार ते साडेसहा. चतुर्थी-पंचमीला ही वेळ ऐन ओहोटीची असते. शिवाय पौर्णिमा किंवा अमावास्या नुकतीच होऊन गेल्यानं उधाणाचा जोर पुरता ओसरलेला नसतो. गणपतीपुळ्याला संकष्टीला सर्वांत जास्त गर्दी होते, आणि दर्शन घेऊन लोक संध्याकाळी पाण्यात उतरतात ते नेमके या वेळेला. याउलट अष्टमी ते दशमी या दिवसांत, शुद्ध पक्षातल्या असोत की वद्य, संध्याकाळी पाणी चढत असतं आणि भांगाची भरती असल्यानं चढ-उतारही कमी असतो. मे महिन्यात असे दोन आठवडे मिळतात. यजमानांच्या सोयीचा आठवडा त्यांतल्या एकाशी जुळला तर उत्तम. जुळला नाही तर यजमानांची सोय आधी धरा आणि समुद्राची वेळ बदला: पौर्णिमेच्या आसपास सकाळी आठ ते दहा हा चढत्या पाण्याचा वेळ मिळतो.

यावर एक आक्षेप असा, की गावची मुलं तर कुठल्याही वेळी डुंबतात. ती त्या पुळणीचा तळ ओळखतात, खळगा कुठे आहे आणि ओढ कुठून जाते हे त्यांना पायांनी माहीत असतं, आणि तरीही तीसुद्धा उधाणात उतरत नाहीत. तुमच्या मुलाला तरणतलावात पोहता येतं, ही गोष्ट इथे फारशी कामाची नाही. तलावाच्या पाण्याला ओढ नसते.

मेच्या शेवटच्या आठवड्याबद्दल वेगळं सांगायला हवं. दक्षिण कोकणात पावसाची सर्वसाधारण तारीख जूनचा पहिला आठवडा आहे, पण २०२५ मध्ये मोसमी पाऊस २५ मेलाच देवगडपर्यंत पोचला होता. त्याआधीही, आकाश निरभ्र आणि वारा पडलेला असताना, दक्षिण हिंदी महासागरातून आलेल्या लाटांनी किनारा अचानक खवळू शकतो. हैदराबादची इन्कॉइस ही संस्था अशा लाटांचे इशारे देते, आणि ते जिल्हा प्रशासनाकडून स्थानिक बातम्यांत येतात. जलक्रीडाही राज्यात साधारण २५-२६ मेपासून ऑगस्टअखेर बंद ठेवल्या जातात. त्यामुळे समुद्र हा तुमच्या सहलीचा मुख्य भाग असेल, तर २० मेच्या आत परत निघा.

पाण्यात उतरताना

- मुलं गुडघ्यापर्यंतच्याच पाण्यात, आणि प्रत्येक दोन मुलांमागे एक मोठा माणूस त्यांच्याकडे तोंड करून पाण्यात उभा. किनाऱ्यावर बसून लक्ष ठेवणं पुरत नाही.
- लाटा फुटत असताना मधेच एखादा पट्टा शांत, गढूळ दिसला तर तिथे उतरू नका; ओढ बहुधा तिथूनच असते. ओढीत सापडलात तर किनाऱ्याच्या दिशेनं झगडू नका. तरंगत राहा, किनाऱ्याला समांतर सरका, ओढ सैल झाली की परत या.
- खाडीच्या मुखाजवळ, आणि चार पावलांत पाणी कमरेला लागतं अशा उताराच्या पुळणीवर मुलांना नेऊ नका. लाटा आदळणाऱ्या कातळावर फोटोसाठी उभं राहू नका.
- गाडी पुळणीवर उतरवू नका. ओल्या वाळूत चाक रुतलं की भरती यायला वेळ लागत नाही.
- कुणी बुडताना दिसलं तर पाठोपाठ उडी घेऊ नका. दोर, हवा भरलेली ट्यूब, रिकामा कॅन फेका, जीवरक्षकाला किंवा मच्छीमारांना हाक मारा. ११२ हा सर्वसाधारण आपत्कालीन क्रमांक आहे. समुद्रातल्या बचावासाठी तटरक्षक दलाचा १५५४.

बोटीत किंवा स्कूबासाठी जाताना लाइफ जॅकेट अंगावर, बंद लावून हवं. बाकाखाली ठेवलेलं नाही. बोट मेरीटाइम बोर्डाकडे नोंदलेली आहे का आणि किती माणसांची परवानगी आहे, हे विचारणं तुमचा हक्क आहे. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीजवळ स्कूबाहून परतणारी बोट उलटून दोघा पर्यटकांचा मृत्यू झाला. बोटीत दाटीवाटी दिसली, समुद्र हलत असला, तर पैसे भरलेले असले तरी उतरा.

तिकीट, एस.टी. आणि अडलंच तर

रेल्वेचं आगाऊ आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून ६० दिवस आधी खुलं होतं. १० मेच्या गाडीचं ११ मार्चला सकाळी आठला. कोकणकन्या, मांडवी, तुतारी, जनशताब्दी यांच्या जागा मेमध्ये झपाट्यानं भरतात, म्हणूनच फोन मार्चच्या पहिल्या आठवड्यात. वेटिंगवर विसंबू नका: मे २०२५ पासून वेटिंगच्या तिकिटावर स्लीपर आणि एसी डब्यांत प्रवास करता येत नाही, आणि ऑनलाइन काढलेलं वेटिंग तिकीट चार्ट लागला की आपोआप रद्द होऊन पैसे परत येतात. तत्काळ आदल्या दिवशी मिळतं, एसीचं सकाळी दहाला आणि बिगरएसीचं अकराला. ऑनलाइन तत्काळसाठी खातं आधारशी पडताळलेलं लागतं, ते काम आधीच करून ठेवा. गाडी तीन तासांपेक्षा जास्त उशिरा असेल आणि तुम्ही प्रवास केलाच नाही, तर पूर्ण परतावा मिळतो; मात्र गाडी सुटण्याआधी टीडीआर, म्हणजे परताव्याचा अर्ज, भरावा लागतो. पाच ते बारा वर्षांच्या मुलाला स्वतंत्र बर्थ हवा असेल तर पूर्ण भाडं पडतं.

एस.टी.चा विचार बरीच कुटुंबं करत नाहीत, पण हिशेब करून पाहा. महिलांना निम्मं तिकीट, ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांना निम्मं, ७५ पूर्ण झालेल्यांना मोफत; वयाचा पुरावा जवळ हवा. आजी-आजोबा, आई आणि दोन मुलं असं कुटुंब असेल तर हा खर्च मोटारीच्या इंधनाहून कमी पडू शकतो. स्वतःची मोटार नेणार असाल, तर दाभोळ-धोपावे आणि तवसाळ-जयगड या फेरीबोटींनी दापोली-गुहागर-गणपतीपुळे या वाटेवरचा वळसा बराच वाचतो. सुटीत तिथे गाड्यांची रांग असते, एवढं धरून चला.

खोली आरक्षित करताना आगाऊ पैसे देण्याआधी त्या निवासाच्या अधिकृत क्रमांकावर स्वतः फोन लावा आणि रद्द केल्यास किती परत मिळेल ते लेखी घ्या. प्रसिद्ध रिसॉर्टच्या नावानं खोटी पानं काढून पैसे घेण्याचे प्रकार होतात. तुमचे नातलग गावातच आहेत, त्यांना फेरी मारून बघायला सांगा. तरीही फसवणूक झाली तर लगेच १९३० वर तक्रार करा. पहिल्या काही तासांत पैसे रोखले जाण्याची शक्यता सर्वांत जास्त. पैसे घेऊन कबूल केलेली सेवा दिली नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे, आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रार तुम्ही राहता तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगात करता येते, रत्नागिरी किंवा सिंधुदुर्गला खेटे घालावे लागत नाहीत. हॉटेलच्या बिलात सेवा शुल्क लावलेलं असेल तर ते सक्तीचं नाही, काढायला सांगा. भरतीरेषेखालची पुळण सरकारी असते. तिथे बसायला, चालायला कुणा रिसॉर्टला पैसे मागता येत नाहीत.

आंब्याची पेटी

निघताना यजमान आंब्याची पेटी गाडीत ठेवतातच. एक पेटी प्रेमानं दिलेली घ्या. पण त्यापुढे शेजाऱ्यांसाठी, कार्यालयातल्यांसाठी आणखी हव्या असतील, तर त्यांची मागणी आणि पैसे आधीच, बाजारभावानं द्या. नातलगांच्या बागेतला हापूस हे त्यांचं वर्षाचं उत्पन्न आहे. दलालाला जो भाव मिळतो तो त्यांना सहसा मिळत नाही, त्यामुळे तुमची थेट खरेदी ही त्यांना खरी मदत ठरते. “घरचे आंबे आहेत, पैसे कसले” असं ते म्हणतील, तेव्हा चार जणांसमोर हुज्जत घालू नका. किती पेट्या आणि कोणत्या दरानं हे फोनवरच्या पहिल्या बोलण्यातच ठरवा आणि पैसे निघण्याआधी त्यांच्या खात्यावर जमा करून टाका.